उघडे काम, झाकलेले काम

धारला स्थायिक झालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांना शिफारसपत्र कशाला हवे होते? गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा त्यांनी घडविलेला पुतळा १९३३ पासून कोणीही पाहावा. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना नोकरीस घेताना हल्ली काही मालक, त्यांनी गिटहबवर सर्वांसाठी खुले ठेवलेले काम असेच पाहतात. वशिल्याच्या चिठ्ठीपेक्षा ही रीत केव्हाही बरी!

परंतु देवासच्या नोटांच्या छापखान्यातील कारागिराने नमुना कोठून आणावा? त्याचे काम आपणा सर्वांच्या खिशात; तरी तेथील कपटाही त्याला घरी नेता येत नाही. बँकेसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याचे तसेच. आणि नोकरी करून रात्री पाळणा हलविणाऱ्या मातेस विनामोबदला लिहिण्यास सवड कोठली? अशा उमेदवारापुढे तासाभराचे लहानसे काम ठेवावे, आणि ते कसे केले हे त्याच्याच तोंडून ऐकावे.