राजांचा तनखा

मंडळी, घरातला पैसा कुठे गेला हे आपण रोज विचारतो. तसेच सरकारच्या तिजोरीतला पैसा कुठे गेला, हेही विचारावे. तो आपलाच असतो. साधी काडेपेटी घेतली तरी तिच्यात कर असतो.

आज एक जुना हिशेब पाहू.

1947 साली देश स्वतंत्र झाला. तेव्हा देशात साडेपाचशेहून जास्त संस्थाने होती. कोल्हापूर, सांगली, औंध ही आपल्याकडची. सरदार पटेलांनी राजांशी बोलणी केली. राजांनी राज्य सोडले. राज्याबरोबर खजिना आला, इमारती आल्या, कुठे कुठे आगगाडीसुद्धा आली. बदल्यात सरकारने शब्द दिला, "तुम्हाला दरसाल तनखा देऊ. त्यावर प्राप्तीकर घेणार नाही." हा शब्द घटनेत लिहिला गेला.

तनखा सगळ्यांना सारखा नव्हता बरं का! बडोद्याच्या महाराजांना वर्षाला साडेसव्वीस लाख रुपये. सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या राजाला वर्षाला 192 रुपये. म्हणजे महिना 16 रुपये!

आता बेरीज करा. 1970 च्या सुमारास सगळे तनखे मिळून पाच कोटींच्या आत होते. देशात माणसे सुमारे पंचावन्न कोटी. माणशी दहा पैसेसुद्धा पडत नव्हते.

मग तुम्ही म्हणाल, तक्रार कसली?

तक्रार रकमेची थोडी, न्यायाची जास्त. शेतकरी सारा भरतो, दुकानदार कर भरतो. मग एकाला केवळ राजाच्या पोटी जन्मला म्हणून बिनकराचे लाखो रुपये का? राजे म्हणत, "शब्द दिलात तो पाळा. नाहीतर आमचे राज्य परत देता का?"

1970 साली लोकसभेने तनखा बंद करण्याचे विधेयक मंजूर केले. राज्यसभेत ते एका मताहून कमी फरकाने पडले. मग सरकारने हुकूम काढून राजांची मान्यताच काढली. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. शेवटी 1971 च्या डिसेंबरात घटनाच बदलली.

मला विचाराल तर पैसा फारसा वाचला नाही. पण राजाचा मुलगा आणि रयतेचा मुलगा कायद्यापुढे एका पायरीवर आले, हे मला मोठे वाटते. तरी दिलेला शब्द मोडला, हे मनाला लागतेच. वारस बदलला की तनखा कमी होत होता. थोडा दम धरला असता तर काय बिघडले असते?

कटोडियाचे 192 रुपयेही बडोद्याच्या लाखांबरोबरच बंद झाले.