वजनाचे पासबुक

बदलीवर कोलकात्यास आलो की मिष्टी दोई लवकर आपलीशी होते. खुर्चीतली आठ तासांची बैठक मात्र सुटत नाही. १६५ सेंटिमीटर उंची आणि ७० किलो वजनाचा अधिकारी स्वतःस लठ्ठ मानीत नाही. पण किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यास निर्देशांक २५.७ येतो. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणाची मर्यादा ३० आहे. २००९ च्या भारतीय निकषांत ती २५ आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा; पोटातील चरबी मधुमेहास आमंत्रण देते.

यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. एसएसकेएमसारख्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वजन, रक्तदाब, साखर आणि गरजेनुसार थायरॉइड यांची तपासणी करून घेता येते. खरा उपचार पुढील भेटींत असतो : नोंद, आहारातील बदल, पुन्हा नोंद. पाच टक्के, म्हणजे येथे साडेतीन किलो वजन उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. रुग्णालयाजवळच विस्तीर्ण मैदान आहे; आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालण्यास शुल्क नाही.

वाचकहो, आवर्ती ठेवीप्रमाणे येथेही हप्ता लहान असतो. तो चुकवू मात्र नये.