पाळीचं दुखणं आणि योग

 

पाळीत ओटीपोटात कळा येतात, त्या प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून. सुप्त बद्धकोणासन, बालासन आणि संथ श्वसनानं बऱ्याच जणींना आराम पडतो. मात्र सराव महिनाभर हवा, फक्त त्या चार दिवसांपुरता नव्हे. पुण्याच्या योगशिक्षिका गीता अय्यंगार (1944–2018) रक्तस्राव सुरू असताना शीर्षासन, सर्वांगासन टाळायला सांगत.

तासा-तासाला पॅड बदलावा लागत असेल किंवा सात दिवसांनंतरही रक्तस्राव थांबत नसेल, तर आसनांवर विसंबू नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘बाईच्या जातीला सोसावंच लागतं’ म्हणून अंगावर काढू नका.