मिरीचा भाव कोण ठरवतं?

गटाच्या सहलीला कुठं जायचं, असं बऱ्याच जणी विचारतात. आज आम्ही केरळमधल्या कोची बंदराची माहिती सांगणार आहोत. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिरीसाठी सातासमुद्रापलीकडचे व्यापारी इथं आले आणि हे शहर घडलं.

१३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, असं सांगतात. जुनं मुझिरिस बंदर गाळानं भरलं आणि कोचीचं बंदर पुढं आलं. अरब, चिनी, ज्यू व्यापारी इथं येत. १५०० साली पोर्तुगीज आले, १६६३ साली डचांनी त्यांना हटवलं आणि १७९५ साली इंग्रजांनी ताबा घेतला.

एर्नाकुलमहून बोटीनं फोर्ट कोचीला जाता येतं. किनाऱ्यावर मोठमोठी चिनी जाळी दिसतात. दोरांना दगड बांधून चार-सहा जण मिळून ती खाली-वर करतात. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला आधी इथंच पुरलं होतं.

पुढं मट्टनचेरी. १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी राजाला बांधून दिलेला वाडा तिथं आहे. डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. शेजारी १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनाघर आहे. त्याची फरशी निळ्या-पांढऱ्या चिनी लाद्यांची आहे. शनिवारी ते बंद असतं. गोव्यातून आलेली कोकणी मंडळीही या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि अजून घरात कोकणी बोलतात.

आता व्यापाऱ्यांनी राजाला वाडा का बांधून दिला, ते बघा. त्यांना मिरी आपल्यालाच आणि ठरलेल्या भावात हवी होती. पोर्तुगीजांनी राजाशी भावाचा करार केला. डचांनी तर मिरी फक्त आम्हालाच विकायची, असं लिहून घेतलं. करार राजाशी झाला, वेल लावणाऱ्याला कुणी विचारलं नाही. पण जास्त भाव मिळतो म्हटल्यावर कितीतरी मिरी बैलांच्या पाठीवर घाट ओलांडून चोरवाटेनं दुसरीकडं जायची.

मिरीचे हिरवे घोस तोडून उन्हात वाळवले की दाणे काळे पडतात. नीट वाळलेली मिरी खूप दिवस टिकते. म्हणजे भाव पडला तर थांबता येतं. पण ज्यानं व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतली आहे, तो थांबू शकत नाही. त्याला मिळेल त्या भावात माल घालावा लागतो.

आपल्या हळदीचं, मिरचीचं, कडधान्याचं हेच होतं. दारात टेम्पो येतो, काटा त्याचा, भाव त्याचा, आणि घरात पैशाची नड असते म्हणून आपण पोती देऊन टाकतो. अशा वेळी गटातलं कर्ज कामाला येतं. महिना-दोन महिने माल ठेवता आला, दोन-तीन बाजारांतले भाव विचारता आले आणि दहा जणींचा माल एकत्र वजन करून विकता आला, तर बोलणी आपल्या बाजूनं होतात.

कोचीला गेलात तर जुनी चर्चं, वाडे जरूर बघा. मसाल्याच्या वखारींच्या गल्लीतही फिरा, तिथला भाव विचारा. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना एक प्रश्न विचारा: गेल्या हंगामात आपल्या मालाचा भाव कुणी ठरवला?