रोमच्या विधवा आणि केडगावच्या रमाबाई

आपल्याकडे विधवेचं पुढं काय करायचं, हे ठरवायला सगळं गाव तयार असायचं. तिला तेवढं कुणी विचारत नसे. खानदेशात शेती करणाऱ्या पुष्कळ समाजांत पाट लावायची रीत होती. पांढरपेशा घरांत मात्र तिचे केस काढून तिला माजघरात बसवायचे. जामनेरच्या एखाद्या जुन्या आजीला विचारा, दोन्ही तऱ्हा तिच्या कानावर आलेल्या असतील.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये याच्या अगदी उलट होतं. सम्राट ऑगस्टसला प्रजा वाढवायची होती. म्हणून वीस ते पन्नास वयाच्या बाईनं लग्न केलेलंच पाहिजे, नवरा वारला तर दोन वर्षांत दुसरं लग्न केलं पाहिजे, असा कायदा इसवी सन 9 मध्ये पक्का झाला. नाही केलं, तर बाहेरच्यांनी मृत्युपत्रात ठेवलेली संपत्ती तिला मिळत नसे. म्हणजे आपल्याकडे 'लग्न करायचं नाही' अशी सक्ती, तिकडे 'केलंच पाहिजे' अशी. बाईचं मन दोन्हीकडे हिशेबात नाही.

आणि मुलीचा जन्म? इसवी सनापूर्वी 1 मध्ये इजिप्तमधल्या एका मजुरानं गरोदर बायकोला लिहिलेलं पत्र सापडलंय. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असं तो लिहितो, आणि त्याच पत्रात तिला काळजी करू नकोस असंही सांगतो! नाक मुरडू नका बरं का. 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या.

अशा त्या रोमन जगात येशूला मानणारी छोटी छोटी मंडळं उभी राहिली. देऊळ नाही, राजाश्रय नाही. लोक कुणाच्या तरी घरी जमायचे आणि ते घर बरेचदा एखाद्या बाईचं असायचं. जांभळं कापड विकणारी लुदिया ही त्यातलीच एक व्यापारी बाई. फिबी नावाची दुसरी. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तिला मंडळीची सेविका आणि पुष्कळांची आधारकर्ती म्हटलंय. ही माणसं टाकलेली मुलं मारू देत नसत. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर चालायचं, नाही केलं तरी चालायचं. निराधार, म्हाताऱ्या विधवांची यादी असायची आणि मंडळी त्यांना पोसायची. 251 च्या सुमारास एकट्या रोम शहरातली मंडळी दीड हजारावर विधवा आणि गरजूंना सांभाळत होती. राज्याला न विचारता चाललेला हा केवढा मोठा संसार!

सरकारला हे खुपणारच. 112 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं या पंथाची चौकशी केली. त्यानं पकडून छळ केला तो दोन गुलाम बायांचा. त्यांच्या मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, असं त्यानंच सम्राटाला कळवलंय. बाजारात विकली जाणारी बाई आणि मंडळीत तिला मान! पुढं गुलामगिरी काही संपली नाही, ते वेगळं.

मग वारं फिरलं. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, 320 मध्ये लग्न न करणाऱ्यांवरचा दंड काढला. 374 मध्ये तान्ह्या बाळाला मारणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला. 380 मध्ये ख्रिस्ती धर्म राज्याचाच धर्म झाला. यातून विधवांचं आणि लेकरांचं भलं झालं, हे मान्यच करायला हवं. पण बिशपांच्या हाती न्यायनिवाडा आला, मान आला, पैसा आला, आणि बायकांची जागा आक्रसत गेली. 441 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ओरांजच्या धर्मसभेनं यापुढं सेविकांना दीक्षा द्यायची नाही, असं ठरवून टाकलं. ज्यांच्या ओसरीवर हा धर्म वाढला, त्यांनाच ओसरीबाहेर काढल्यासारखं झालं.

हे सगळं पंडिता रमाबाईंना चांगलं कळलं असणार, असं मला वाटतं. 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच त्या विधवा झाल्या, पदरात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यावर आपल्याकडे केवढं वादळ उठलं, ते सर्वांना ठाऊक आहे. पण तिकडच्या चर्चशीही त्यांचं वाजलं, हे फारसं सांगितलं जात नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी नको म्हटलं. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. इथल्या पुरोहितांचं जोखड आत्ता कुठं मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी रोखठोक लिहून कळवलं. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला, पण राज्यकर्त्यांपुढं मान तुकवली नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी व्यवस्थेत बायकांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशन उभं केलं. शिक्षणाबरोबर मुलींना हातमाग, शेती, छपाई अशी कामं शिकवली. पोटाला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला नको म्हणून.

आणि उतारवयात, जेव्हा आपण चष्मा सापडत नाही म्हणून कुरकुरतो, त्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. बायबल साध्या बाईला समजेल अशा मराठीत आणायचं होतं, तेही मुळावरून. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि 1924 मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. तिथं खिळे जुळवायला मिशनच्याच मुली होत्या. फिबीची ओळख करून देणारं पौलाचं ते पत्रही त्यांनीच छापलं.