कवडीचा मुलूख

वऱ्हाडातील बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवालयातील शिलालेख शके 1098चा, म्हणजे इसवी सन 1176चा आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ हा गणितग्रंथ पुरा केला तो त्याच्या अवघी 26 वर्षे आधी, आणि त्या ग्रंथाच्या आरंभीच वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण व सोळा पणांचा एक द्रम्म असे कोष्टक दिले आहे. वराटक म्हणजे कवडी. तेव्हा द्रम्माला 1280 कवड्या पडत. समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या मुलखातील गणिताने एका चिमुकल्या सागरी गोगलगायीच्या शंखापासून मोजणीस आरंभ करावा, हे नवल त्या प्राण्याची ओळख करून घेतल्यावाचून उकलत नाही.

शास्त्रज्ञ जिला मोनेटेरिया मोनेटा म्हणतात, ती ही कवडी लांबीने दोन-तीन सेंटिमीटरची. दिवसा प्रवाळांच्या फटींत दडावे, रात्री शेवाळ खरवडावे, एवढाच तिचा व्यवहार. परंतु तिची सूक्ष्म डिंभके सागरप्रवाहांबरोबर वाहत जात असल्याने पूर्व आफ्रिका व तांबड्या समुद्रापासून हवाई बेटांपर्यंत तिचा अंमल पसरला आहे. उष्ण, उथळ आणि नितळ पाणी तिला मानवते. म्हणूनच नद्यांच्या गाळाने गढुळणाऱ्या कोकणकिनाऱ्यावर नव्हे, तर लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळबेटांभोवती तिची विपुलता.

पुष्कळ गोगलगायींचे घर आयुष्यभर वाढत राहते. कवडी मात्र वयात येताच शंखाची कड आत वळवून दातेरी फट तेवढी मोकळी ठेवते, आणि त्यानंतर शंख जाड होतो, लांब होत नाही. एका ठिकाणच्या प्रौढ कवड्या त्यामुळे बहुधा सारख्या मापाच्या निघतात. शिवाय प्राण्याचे मांसल आवरण पाठीवरून पसरून तिला झिलई देत राहते. टांकसाळीवाचून घडलेले, न गंजणारे आणि खोटे पाडणे परवडू नये असे नाणे दुसरे कोणते सापडणार?

मालदीवचे लोक उथळ पाण्यात नारळीच्या झावळ्या टाकून त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करीत व बंगालला धाडून बदल्यात तांदूळ घेत. तिकडे सिल्हेटात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही कंपनी सरकारचा महसूल कवड्यांतच जमा होई, आणि होड्या भरभरून तो ढाक्यास रवाना होई. रुपयाला चार कहाण, म्हणजे 5120 कवड्या, असा तेथील भाव. आणि एक कहाण बरोबर 1280 कवड्यांचा, लीलावतीतल्या द्रम्माइतकाच!

वऱ्हाडात आता कवडी बंजारा तांड्यांतील पोशाखावर आणि देवीच्या माळेत दिसते. पोशाखावर शिवताना मात्र तिची पाठ बहुधा फोडून काढतात.