नाणं सांगेल तेच माप: जुन्या मशीनचा तुटलेला पार्ट घरी ओतायचा तर

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकून झाल्यावर 'तो आकडा काय होता रे?' असं झालं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना घेतलेली वळणं थोडी सरळ केलीयत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आहे नाणं टाकून चालणारी जुनी मशीनं. आपल्या ओळखीचं म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं मशीन. नाणं टाकलं, दिवे लुकलुकले, की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर. वजनाबरोबर भविष्यसुद्धा फुकट! पण या मशीनांचं वेड खरं पसरलं ते अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने १८९० च्या दशकात तीन चाकांचं 'लिबर्टी बेल' बनवलं. पुढे शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने अशी मशीनं मोठ्या संख्येने काढली. त्यांच्या १९३१ च्या 'वॉर ईगल'च्या दर्शनी भागावर पंख पसरलेला गरुडच ओतलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'म्युझे मेकॅनिक' या संग्रहालयात अशी शेकडो जुनी मशीनं आहेत आणि तिथे आजही नाणं टाकून खेळता येतं.

अडचण कुठे येते? मशीन नव्वद वर्षांचं, बनवणारी कंपनी केव्हाच बंद. हँडलचा एक तुकडा तुटला, की सगळा जड पसारा नुसता शोभेचा. दुकानात पार्ट मिळत नाही. मग काही हौशी लोक घराच्या मागच्या अंगणात भट्टी लावतात आणि पार्ट स्वतः ओततात. ते कसं, आणि त्यात लोक फसतात कुठे, ते आज सांगतो.

आधी धातू ओळखा

या मशीनांमध्ये मुख्यतः तीन ओतीव धातू सापडतात: बिडाचं लोखंड, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्रधातू. ओळखायची युक्ती सोपी. लोहचुंबक चिकटला तर बीड. नाही चिकटला आणि हातात हलका लागला तर ॲल्युमिनियम. नाही चिकटला पण जड लागला, तर बहुतेक जस्त. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि जस्ताची ७.१, त्यामुळे फरक हातालाच कळतो.

जस्ताचे जुने पार्ट म्हणजे डोकेदुखी. त्या काळी जस्तात शिशासारखी अशुद्धी किंचित जरी राहिली, तरी दमट हवेत धातू आतून कणाकणाच्या सांध्यांवर गंजत जायचा. पार्ट फुगतो, वाकतो, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारखा तडकतो आणि शेवटी बिस्किटासारखा हातात मोडतो. यावर उतारा म्हणून न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून 'झामॅक' नावाचे मिश्रधातू आणले. पण त्याआधीचा, किंवा नंतरही स्वस्तातलं जस्त वापरून ओतलेला पार्ट एकदा तडकायला लागला की गोंद नाही, वेल्डिंग नाही, काही चालत नाही. नवाच करावा लागतो.

जुना पार्ट तीनदा खोटं बोलतो

आता नीट ऐका, म्हणजे वाचा. कुणालाही वाटेल, की तुटलेला पार्ट चिकटवायचा, वाळूत दाबायचा, ठसा घ्यायचा, त्यात रस ओतायचा. झालं! पण तसं होत नाही.

पहिलं खोटं झिजेचं. हजारो नाणी जाऊन जाऊन फट मोठी झालेली असते. दुसरं खोटं फुगवट्याचं. जस्ताचा पार्ट मूळ मापापेक्षा वाढलेला असतो. तिसरं खोटं खरं तर धातूचं आहे: थंड होताना तो आकसतो. ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के आकसतं. म्हणजे १०० मिमीचा पार्ट जसाच्या तसा वाळूत दाबलात, तर नवा येणार ९८.७ मिमीचा.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? समजा पार्टला दोन स्क्रूची भोकं आहेत, ८० मिमी अंतरावर. नव्या पार्टमध्ये ते अंतर होईल जवळपास ७९ मिमी. मशीनच्या अंगावरची भोकं जागची हललेली नाहीत, त्यामुळे दुसरा स्क्रू बसणारच नाही.

मग खरं माप कुणाकडे? नाण्याकडे! अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, ज्याला ते निकेल म्हणतात, त्याचा व्यास २१.२१ मिमी आणि वजन ५ ग्रॅम. १८८३ पासून त्याचा आकार जवळपास तोच आहे. म्हणजे १९३१ च्या मशीनची मोजपट्टी आजही तिथल्या लोकांच्या खिशात खुळखुळतेय. ब्रिटनमध्ये १९७१ साली चलन दशमान झालं आणि जुनी मोठी पेनी बंद पडली, तरी तिथली काही संग्रहालयं जुन्या मशीनांसाठी मुद्दाम जुन्या पेन्या हातात देतात. कारण तेच: मशीन नाण्याच्या मापावर जन्माला आलेलं आहे. मोठं नाणं आत शिरत नाही, छोटं मधूनच घरंगळून जातं.

समजा मूळ फट २१.६ मिमीची होती. नाण्याला जवळपास ०.४ मिमीची मोकळीक मिळत होती. पार्ट तसाच छापून ओतला तर फट येईल २१.३ मिमीची, आणि मोकळीक उरेल ०.१. वाळूत ओतलेल्या खरबरीत पृष्ठभागावर एवढ्याने भागत नाही, नाणं अडकतंच. म्हणून जाणकार लोक फट मुद्दाम थोडी कमी ठेवतात आणि मग खरं नाणं हातात धरून कानशीने एकेक घासा काढत ती जुळवतात. भोकं तर ओततच नाहीत. पार्ट मशीनवर ठेवून खुणा करतात आणि नंतर ड्रिलने पाडतात.

पॅटर्न आणि वाळू

आपल्या पिढीचा फायदा म्हणजे थ्रीडी प्रिंटर. पार्टचं मॉडेल बनवायचं, झीज आणि फुगवटा दुरुस्त करायचा आणि सगळं १.३ टक्क्यांनी मोठं करून छापायचं. कोपरे गोल ठेवायचे आणि उभ्या बाजूंना दोन-तीन अंशांचा उतार द्यायचा. उतार नसेल तर पॅटर्न बाहेर काढताना वाळूची भिंत सोबत येते. समुद्रावर बादली उपडी करून किल्ला केलाय ना? बादली वर पसरट आणि तळाशी निमुळती असते म्हणूनच किल्ला शाबूत सुटतो. तत्त्व तेच.

वाळू बारीक हवी. त्यात बेंटोनाइट माती आणि अगदी थोडं पाणी. मुठीत दाबली तर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि मोडली तर दोन स्वच्छ तुकडे व्हायला हवेत. चिखल होत असेल तर पाणी जास्त झालंय. दोन पेट्यांमध्ये वाळू ठोकून बसवायची, मध्ये पॅटर्न. पेट्या उघडून पॅटर्न काढला की पोकळी तयार. रस आत जायला एक वाट आणि हवा बाहेर पडायला दुसरी. कोरडी वाळू चाळताना मास्क लावाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

धातू कुठला? थंड पेयांचे कॅन वितळवणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण पातळ पत्रा जळून मळीच जास्त निघते. जुने पिस्टन किंवा गाडीचं अलॉय व्हील चांगलं, कारण ते मुळात ओतीव असतात. त्यात सिलिकॉन असतं, त्यामुळे रस कानाकोपऱ्यात नीट पोचतो.

आता गंमत बाजूला

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि साधारण ७०० ते ७५० अंशांना ओततात. या तापमानाला खरा शत्रू पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. ओलसर भंगाराचा एक तुकडा मुशीत पडला, तर ती वाफ रसाच्या खाली अडकते आणि सगळा रस कारंज्यासारखा वर उडतो. सिमेंटच्या फरशीवर रस सांडला तरी फरशीत मुरलेल्या ओलाव्यामुळे तिचे टवके उडतात. म्हणून कोरड्या वाळूच्या थरावरच ओतायचं.

माझा मामा कोल्हापुरात फाउंड्रीत आहे. तो म्हणतो, "अरे, रस आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, बाकी सगळं शिकता येतं."

सिंथेटिक कपडे नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात. चामड्याचे बूट, हातमोजे, तोंडावर शील्ड, आणि सोबत एक माणूस, हे हवंच. गॅल्व्हनाइज्ड वस्तू मुशीत टाकायच्या नाहीत. जस्त ९०७ अंशांना उकळतं. पितळ ओततानाही त्याचा धूर निघतो आणि त्याने थंडी वाजून ताप येतो. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर हे करायचंच नाही.

माझा सल्ला विचाराल, तर पहिल्यांदा फक्त पॅटर्न घरी करा. कोल्हापूर फाउंड्रीसाठी प्रसिद्धच आहे, आणि इतर औद्योगिक गावांतही ॲल्युमिनियम ओतणारे छोटे कारखाने सापडतात. पॅटर्न घेऊन जा, समोर उभं राहून ओतून घ्या, घरी येऊन कानस चालवा. तुमच्या हातचं खरं कौशल्य मोजमापात आणि जुळवण्यात आहे, जाळात नाही.

एक शेवटची गोष्ट

नवा पार्ट तयार झाला की मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, वर्ष कोरून ठेवा. अमेरिकेत अस्सल पार्ट असलेल्या मशीनला वेगळीच किंमत येते. उद्या ते मशीन विकलं गेलं, तर घेणाऱ्याला कळायला हवं की काय १९३१ चं आहे आणि काय आत्ताचं. आणि हो, पार्ट ओता, नाणी ओतू नका! खोटं नाणं बनवणं हा गुन्हा आहे, तिथेही आणि इथेही.

तुमच्या गावच्या स्टेशनवर वजनाचं मशीन अजून चालू असेल, तर कुठलं नाणं घेतं ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!